आधी ठेका, मग पोशाख : लोकनृत्यांविषयी वाचकांचे प्रश्न

श्रावण सरत आला की या पानाकडे येणारी पत्रं वाढतात. पुढं गणपती, मग दसरा, मग शाळा-कॉलेजांची स्नेहसंमेलनं. यंदाची बहुतेक पत्रं सांगली-सातारा पट्ट्यातली आहेत. एकाच विषयावरचे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : स्नेहसंमेलनात सातवी-आठवीची सोळा मुलं गजी नृत्य करणार आहेत. स्टेज २० बाय १५ फुटांचं आहे. मोबाईलवर बघून सराव चालू केला. पण मुलं एकमेकांना धडकतात आणि लय वाढली की सगळा विस्कोट होतो. काय करावं? (शिक्षिका, विटा)

धडकण्यात मुलांचा दोष नाही, जागा पुरत नाही. गजी हा धनगरांचा नाच, तो गोलात नाचतात आणि ढोल मधोमध असतो. तुमच्या स्टेजची खोली १५ फूट. कडेला दीड-दीड फूट सोडलं तर गोलाचा व्यास १२ फुटांवर येतो, म्हणजे घेर साधारण ३८ फूट. दोन्ही हातांत रुमाल घेऊन वाकणाऱ्या मुलाला चार फूट तरी लागतातच. म्हणजे या स्टेजवर नऊ मुलं मावतात, फार ओढाताण केली तर दहा. सोळांना ६४ फुटांचा घेर हवा, म्हणजे व्यास साडेवीस फूट. त्यामुळं सरळ स्टेजखाली मैदानात उतरा. २५ फुटांचा चौक फक्कीनं आखून घ्या आणि पालकांना तिन्ही बाजूंनी बसवा. हा नाच मुळात देवळासमोरच्या मोकळ्या जागेतला आहे. माणदेशात, आटपाडी-जत भागात, आरेवाडीच्या बिरोबाच्या बनात तो चारी बाजूंनी बघतात. तो प्रेक्षकांकडं तोंड करून एका ओळीत उभा केला की त्यातला जीव जातो.

दुसरी गोष्ट ढोलाची. तुमच्या पत्रावरून दिसतं की गाणं स्पीकरवर लागतं. गजीतला गडी ढोलवाल्याच्या हाताकडं बघून नाचतो. टिपरू वर गेलं की पाऊल उचलतं, पडलं की टेकतं. रेकॉर्डवरचा ढोल कुणासाठी थांबत नाही. एका मुलाचं पाऊल चुकलं की तो पुढं गाठायला धावतो आणि मागच्याला धडकतो. जवळच्या वाडीवरचा एक ढोलवाला आणि एक झांजवाला मानधन देऊन बोलवा, निदान शेवटच्या आठ दिवसांसाठी तरी. पोशाखाच्या भाड्यातून पैसे वाचवा, पण इथं वाचवू नका.

शिकवताना पहिले तीन-चार दिवस मुलांच्या हातात रुमाल देऊच नका. नुसतं पाऊल घोटून घ्या. सोपं चार मात्रांचं पाऊल असं : एकला उजवा पाय पुढं, गुडघा नरम; दोनला डावा त्याच्या जवळ; तीनला डावा मागं; चारला उजवा त्याच्या जवळ. पुढं जाताना अंग ढोलाकडं झुकतं, मागं येताना सरळ होतं. मुलं इथं कंबरेऐवजी मानेतून वाकतात, मग फेटा डोळ्यांवर येतो. गुडघा वाकला की कंबर आपोआप वाकते, म्हणून ‘वाका’ असं न सांगता ‘गुडघा सोडा’ असं सांगा. हे जमलं की अर्धी गिरकी, मग उकिडवं बसून उठणं. उकिडवं बसायचं ते चवड्यांवर. टाच टेकली तर वेळेवर उठताच येत नाही आणि तिथंच लय तुटते.

रुमाल सुती मलमलचाच घ्या. मुलांना १८ इंच चौकोनी पुरतो. साटीनचा चमकतो खरा, पण घामट हातातून निसटतो. एक टोक मधल्या बोटाला दोन वेढे देऊन मुठीत धरायचं. झटका मनगटातून द्यायचा. खांद्यातून दिला तर दोन मिनिटांत हात भरून येतो आणि रुमाल नुसता लोंबतो. एक हात खांद्याच्या वर, दुसरा गुडघ्यापाशी, मग उलट. सोळा रुमाल एकदम वर गेले की ‘फट्’ असा एकच आवाज येतो. तो दोन आवाजांत फुटला, तर समजा अर्धा गोल मागं आहे.

लयीचं म्हणाल तर सुरुवात मिनिटाला ६०-६५ ठोक्यांवर करा. मोबाईलमध्ये मेट्रोनोम असतो, त्यावर ढोलवाल्याला एकदा ऐकवून ठेवा. सहा मिनिटांच्या नाचात पहिली तीन मिनिटं हीच लय हवी. शेवटच्या मिनिटात ११०-१२० पर्यंत चढली तरी मुलं झेपवतात. व्हिडिओ बघून बसवलेले नाच बहुतेक वेळा दुसऱ्याच मिनिटाला पळायला लागतात, मग चढायला जागाच उरत नाही. लय वाढवण्याचा इशारा एकाच मुलानं द्यायचा. तो ढोलवाल्याच्या बरोबर समोर उभा हवा.

फेटा सातवीच्या मुलाला साडेतीन-चार मीटरचा पुरे. मोठ्या माणसाचा बांधला तर डोकं जड होतं आणि गिरकीत तो सुटतो. आणखी एक. काही शाळा या नाचावर सुंबरान लावतात. ती बसून, थांबत थांबत, कथा सांगत म्हणायची धनगरी ओवी आहे. तिच्यावर पाय मारायला लावले की ओवीही जाते आणि नाचही जातो. सुरुवातीला एखादी ओवी नुसती म्हणवून घ्या आणि ती संपल्यावर ढोल चालू करा.

प्रश्न : मंडळानं यंदा डॉल्बी बंद करून चाळीस जणांचं लेझीम पथक काढायचं ठरवलंय. सरावात मैदानावर ठीक जमतं, रस्त्यावर दोन रांगा केल्या की शेवटची पोरं कायम मागं राहतात. (गणेशोत्सव मंडळ, इस्लामपूर)

शेवटच्या पोरांना उगाच बोलू नका, ती बरोबर नाचताहेत. आवाज त्यांच्यापर्यंत उशिरा पोहोचतो. वीस-वीसच्या दोन रांगा, दोघांत पाच फूट अंतर, म्हणजे रांगेची लांबी ९५ फूट, साधारण २९ मीटर. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. हलगी रांगेच्या तोंडाशी असेल तर शेवटच्याला ठोका सेकंदाच्या बाराव्या भागानं उशिरा ऐकू येतो. हे ऐकायला किरकोळ वाटतं. पण १४० च्या लयीत दोन ठोक्यांत अंतरच जेमतेम ०.४३ सेकंदाचं असतं. म्हणजे शेवटचा गडी ठोक्याच्या पाचव्या हिश्शानं मागं. त्यात दुतर्फा इमारतींवरून आवाज परत येतो, तो वेगळाच.

उपाय साधा आहे. हलगी, घुमकं आणि कैताळ ही वाद्यं दोन रांगांच्या मध्ये, लांबीच्याही मधोमध चालवा. अंतर निम्मं होतं, चूकही निम्मी होते. शिवाय शेवटच्या पोरांना ‘कानानं नका, पुढच्याच्या हातानं चला’ असं सांगा. रांगेत दर पाचवा गडी पक्का ठेवा. दोन टोकांना दोन हलग्या मात्र लावू नका. दोघं एकमेकांना ऐकून धरायला बघतात आणि दोघंही घसरतात.

आता हात. दांडा डाव्या हातात मधोमध, साखळीची मूठ उजव्या हातात. पहिले दोन दिवस पाय हलवायचेच नाहीत. एकला गुडघ्यांसमोर मिटवायची, दोनला उघडत छातीसमोर आणायची, तीनला तिथं मिटवायची, चारला उघडायची. शाळेच्या कवायतीत ‘चार आवाज’ म्हणतात ते हेच. त्यानंतर एक जगह, आदि लगाव, पवित्रा, दो रुख, आगे फलांग. ही हिंदी नावं कवायतीतली आहेत आणि आकड्यांवर चालतात. हलगीवरच्या ‘घाई’ नावाच्या लेझमीत आकडे नसतात, हलगीचा बोल बदलला की डाव बदलतो. मंडळं या दोन्हींची खिचडी करतात. पुढं उभा राहून कोणी शिट्टी मारत ‘एक-दोन’ म्हणतो आणि हलगीवाला आपला बोल बदलून मोकळा होतो. चाळीस नवख्यांना एवढ्या थोड्या दिवसांत ‘घाई’ पेलणार नाही. यंदा कवायतीचे पाच-सहा डाव पक्के करा, घाईचा एकच डाव चौकात दाखवा आणि तोही जुन्या जाणत्या आठ-दहा जणांनीच.

लेझमीचा आवाज ‘खुळखुळ’ येतो तेव्हा हात थांबत नाहीत असं समजावं. साखळी पूर्ण ताणून हात तिथंच तोडायचा, मग चकत्या एकदम आपटतात आणि ‘छण्ण’ असा एक आवाज निघतो. पावसात भिजलेली लेझीम तशीच टांगून ठेवली की चकत्या गंजून एकमेकींना चिकटतात. घरी आल्यावर कोरड्या फडक्यानं पुसून, साखळीला बोटभर खोबरेल लावून ठेवावी. लाकडी दांड्यात साखळीची कडी जिथं अडकते, तो खिळा मिरवणुकीच्या आदल्या दिवशी प्रत्येकाचा तपासा. निसटलेली साखळी शेजाऱ्याच्या तोंडावर बसते. डाव्या हाताच्या अंगठ्याजवळ फोड येतात, तिथं आधीच सुती पट्टी गुंडाळा.

प्रश्न : पावसाळी हवेत हलगी आणि ढोलकी बसते, आवाजच उठत नाही. शेकोटीवर किती तापवावी? (वादक, तासगाव तालुका)

कातडं हवेतलं पाणी पितं आणि सैल पडतं. हलगीला शेक चालतो, तिचं कातडं पातळ असतं. जाळ नको, पाचट किंवा कागद पेटवून ज्वाळा खाली बसली की दीड फुटावर धरून सारखी फिरवत राहा. दर पंधरा-वीस सेकंदांनी बोटानं टिचकी मारून बघा. ‘ढप’चा ‘टण्ण’ झाला की बास. त्यापुढं शेकलं की कडेला, कडीपाशी, चीर जाते आणि ती मिरवणूक ऐन रंगात आल्यावर फाटते. कुस्तीच्या मैदानात एकाच वेळी दोन हलग्या का ठेवतात हे यावरून कळेल. एक वाजते तोवर दुसरी शेकते.

ढोलकीचा प्रकार वेगळा. उजव्या तोंडावर शाई, डाव्या तोंडाला आतून मसाला असतो. शाई शेकली की तडकते आणि मसाला वितळून सरकतो. ढोलकी कधीही आगीवर धरू नये. आदल्या रात्री कोरड्या सुती कापडात गुंडाळून उबदार खोलीत ठेवावी. नट-बोल्टची असेल तर समोरासमोरचे नट जोडीनं, पाव-पाव फेरा देत आवळावेत. एकाच बाजूनं आवळत गेलात तर पुडी तिरकी बसते, मग एका जागी सूर चढा आणि दुसऱ्या जागी उतरलेला. कार्यक्रम संपला की तेवढेच फेरे सैल करा. फायबरच्या पानाची ढोलकी पावसाला दाद देत नाही. रस्त्यावर ती चालेल, लावणीला तिची आस (ठोक्यानंतर रेंगाळणारा नाद) कमी पडते.

प्रश्न : युवा महोत्सवात लावणी करणार आहे. सरावात ट्रॅकवर चांगली होते. पण ढोलकीवाले आले की चाळांचा ठेका मागे पडतो. काष्टाही सारखा सुटतो. (विद्यार्थिनी, कराड)

ट्रॅकमध्ये चाळांचा आवाज आधीच भरलेला असतो. तुमचा पाय मागं पडला तरी कानाला कळत नाही. जिवंत ढोलकीसमोर तो उघडा पडतो. आता करायचं ते असं. रोज दहा मिनिटं चाळ न बांधता, नुसत्या आठ मात्रांच्या ठेक्यावर, सावकाश पाय मारा. पूर्ण तळवा एकदम टेकला पाहिजे. आधी चवडा आणि मग टाच असा टेकला, तर चाळ दोनदा वाजतात आणि ठेका पुसट होतो. गुडघे ताठ ठेवून मारलात तर हादरा कंबरेपर्यंत जातो. सराव लाकडी फळ्यांवर किंवा जाड सतरंजीवर करा. काँक्रीटवरच्या फरशीवर महिनाभर पाय आपटले की नडगी दुखायला लागते आणि ऐन स्पर्धेच्या आठवड्यात बसून राहावं लागतं.

चाळ घोट्याच्या हाडाच्या वर बांधायचे, खाली मऊ सुती पट्टी घालून. बोट आत जाणार नाही इतके घट्ट. सैल चाळ पायाच्या मागून वाजतात. ‘मागे पडतो’ असं तुम्हाला वाटतं, त्यात निम्मा वाटा या सैलपणाचा असू शकतो. व्यावसायिक नर्तकींच्या चाळांचं वजन काही किलोंत जातं, तुम्ही त्याच्या नादी लागू नका. पायामागं शंभरच्या आसपास घुंगरं पुरेत. बांधायच्या आधी प्रत्येक घुंगराची शिवण ओढून बघा. स्टेजवर पडलेलं एक घुंगरू अनवाणी पायाखाली आलं की पुढचं सगळं सोडून द्यावं लागतं.

काष्ट्याचं मूळ कंबरेच्या नाडीत असतं. नऊवार म्हणजे सव्वाआठ मीटर कापड. ते परकराशिवाय, नुसत्या गाठीवर तोलतं. आत घट्ट सुती नाडी बांधा, पहिली गाठ बेंबीच्या खाली, आणि काष्टा खोचताना तो दोन वेळा दुमडून नाडीच्या आतून घ्या. खोचल्यावर पूर्ण उकिडवं बसून उठा, चार गिरक्या घ्या. तेव्हा सुटला नाही तर स्टेजवर सुटणार नाही. कडेचा घोळ घोट्याच्या चार बोटं वर ठेवा, चाळ दिसायला हवेत. बुळबुळीत सिंथेटिक साडी कितीही पिना लावल्या तरी सरकते. सुती किंवा सुती मिश्र रेशमी घ्या.

एक सल्ला न विचारता देतो. महोत्सवातल्या दहा लावण्यांत नऊ निव्वळ उड्या आणि गिरक्या असतात. वाईच्या यमुनाबाई वाईकर (१९१५–२०१८) बैठकीची लावणी बसून करत. एकच ओळ पुन्हा पुन्हा घेत आणि प्रत्येक वेळी तिचा भाव बदलत. त्यांना २०१२ साली पद्मश्री मिळाली. तुमच्या लावणीतली एक ओळ निवडा आणि ती बसून चार तऱ्हांनी करून बघा : रुसवा, आर्जव, ठसका, थट्टा. पाय थांबलेले असताना डोळे आणि हात काय करतात, ते परीक्षक बघतात.

प्रश्न : कॉलेजात चाळीस मिनिटांत पारंपरिक तमाशाचा बाज दाखवायचा आहे. क्रम कसा लावावा? (सातारा)

गण (गणेशवंदना), गवळण, बतावणी (विनोदी संवाद), लावणी, वग (नाट्यकथा). हाच क्रम. गणाला चार मिनिटं. पुरुष गातात, ढोलकी, हलगी, तुणतुणं, झांज सगळी पहिल्या ओळीपासून. गवळणीला दहा. राधा-गवळणी मथुरेच्या बाजाराला निघतात, कृष्ण आणि पेंद्या वाट अडवतात. मावशीचं काम पुरुषालाच द्या, ती गवळणीचा कणा आहे. बतावणी पाच मिनिटांपेक्षा जास्त ताणू नका. नवख्या सोंगाड्याला पाच मिनिटं हशा टिकवणं हेच पुष्कळ झालं. दोन लावण्यांना दहा मिनिटं. उरलेल्या वेळात वगाचा एकच प्रवेश. अख्खा वग कापून बसवायला गेलात तर गोष्टच कळत नाही.

प्रास्ताविकात तमाशाचे शाहीर पठ्ठे बापूरावांचं (१८६६–१९४५) नाव घ्यायला विसरू नका. मूळ नाव श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे. कवलापूरच्या काळू-बाळू या जुळ्या भावांचंही घ्या. चेहऱ्यातलं साम्य हेच हुकमी हत्यार करून त्यांनी सोंगाड्याचं काम कुठल्या कुठं नेऊन ठेवलं.

प्रश्न : घरात लग्न झालंय. कुलदैवत पालीचा खंडोबा, माहेरची देवी तुळजाभवानी. ‘जागरण-गोंधळ’ एकत्र करायचा आहे. दोन्ही एकच पार्टी करेल का? आणि भराड म्हणजे काय? (मिरज)

एकत्र बोलतात, पण ही दोन वेगळी कामं आहेत. गोंधळ देवीचा आणि तो गोंधळी घालतात, संबळावर. जागरण खंडोबाचं आणि ते वाघ्या-मुरळी करतात. वाघ्याच्या हातात दिमडी, मुरळीच्या हातात घाटी, साथीला तुणतुणं. भराड हे भैरवनाथाचं, डौर या वाद्यावर, डवरी गोसाव्यांचं. म्हसवड-खरसुंडीच्या सिद्धनाथाला मानणाऱ्या घरांत ते चालतं. तुम्हाला त्याची गरज नाही.

काही पार्ट्या दोन्ही करतात. ठरवताना एवढंच विचारा : संबळ आणतात का? नुसत्या दिमडीवर आणि कीबोर्डवर गोंधळ उरकणारे बरेच झालेत. संबळ म्हणजे जोडलेली दोन वाद्यं, एक मोठं एक लहान, दोन काड्यांनी वाजवायचं. एक काडी टोकाला वाकलेली असते आणि मोठ्या तोंडावर घासून ती गुरगुर काढते. गोंधळ्याचं पाऊल त्या गुरगुरीवर चालतं. ती नसेल तर तो जागीच डोलत राहतो.

तयारीला पाच ऊस (ऊस नसेल तर ज्वारीची पाच ताटं) बांधून त्याखाली चौक, तांदळाची रास, कलश, नारळ, विड्याची पानं-सुपाऱ्या, खण, खोबरं आणि भंडारा. बाकीचं घराण्याप्रमाणं, पार्टीला आणि घरातल्या थोरल्या बाईला एकत्र बसवून यादी करा, म्हणजे ऐनवेळी वाद होत नाही. चौकापुढं आठ बाय आठ फूट मोकळं सोडा. लोक तिथंच पाहुण्यांच्या खुर्च्या मांडतात आणि मग गोंधळ्याला नाचायला जागा नसते. दिवटी पेटती असते, तेव्हा चौकावर नायलॉनचा मांडव किंवा प्लास्टिकच्या फुलांची झालर नको. क्रम : आधी देवतांना आवाहन, मग पूर्वरंग, मग आख्यान, शेवटी आरती. जागरणात शेवटाकडं लंगर (लोखंडी साखळी) तोडतात. साखळी आधी तपासून ठेवलेली असते, तरी लहान पोरं चार हात लांब बसवा.

पूर्वी मुरळी म्हणजे खंडोबाला वाहिलेली मुलगी असे; आज मुरळीचं काम करणाऱ्या बाया कलावंत म्हणून येतात. देवाला मुलगी सोडणं २००५ च्या देवदासी निर्मूलन कायद्यानं गुन्हा आहे. म्हणून पार्टीतल्या बाईला कलावंताचा मान आणि ठरलेले पैसे द्या. पैसे उडवून नाचायला लावणारा पाहुणा असेल तर त्याला बाहेर नेणं ही यजमानाची जबाबदारी.

प्रश्न : मुलगी आठ वर्षांची आहे. कथक शिकते. परीक्षा कधी द्यावी? (सांगली)

घाई नको. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम, मध्यमा पूर्ण, विशारद प्रथम आणि विशारद पूर्ण अशा चढत जातात. त्यापुढं अलंकार. तुमचं नशीब असं की मंडळाचं कार्यालय मिरजेतच आहे, अभ्यासक्रमाची पुस्तिका तिथून आणता येईल. प्रारंभिकला बसवायच्या आधी एवढंच बघा : ‘ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्’ ही तत्कार ती तोंडानं म्हणत, हातावर तीनतालाच्या सोळा मात्रा मोजत, एकपट आणि दुप्पट न अडखळता करते का? दुसऱ्या ओळीत पाय डाव्यापासून सुरू होतो; मुलं तिथंच उजवा घालतात. या वयाला पायामागं ५० घुंगरं भरपूर झाली.

प्रश्न : संमेलनात ‘आदिवासी नृत्य’ ठेवलंय. पानांचे घागरे आणि तोंडाला काळा रंग कुठं भाड्यानं मिळेल? (शाळा, जत)

भाड्यानं मिळेल, पण घेऊ नका. महाराष्ट्रातली कुठलीही जमात असा पोशाख करून नाचत नाही. ते जुन्या सिनेमांनी रचलेलं सोंग आहे. त्याऐवजी एका जमातीचा एक नाच नाव घेऊन बसवा. पालघरकडच्या वारल्यांचा तारपा मुलांना झेपतो. तारपा हे वाळवलेल्या भोपळ्याचं, आत जिभळ्या बसवलेल्या दोन नळ्यांचं आणि पुढं ताडाच्या पानांच्या कर्ण्याचं फुंकवाद्य आहे. सांधे मेणानं बुजवलेले असतात. वाजवणारा मध्ये, नाचणारे एकमेकांच्या कमरेत हात गुंफून त्याच्याभोवती, त्याच्याकडं पाठ न करता. तो सूर बदलतो तसं पाऊल आणि दिशा बदलते. इथं तारपा वाजवणारा मिळणार नाही, तेव्हा ध्वनिमुद्रण चालेल. मात्र सूर कुठं बदलतो त्या जागा आधी लिहून काढा आणि रांगेच्या टोकाच्या मुलाला पाठ करून द्या, कारण वळण तोच घेणार. मुलींना गुडघ्यापर्यंत नेसलेलं सुती लुगडं, मुलांना साधा सदरा आणि अर्धी चड्डी. साखळी दहा-बारांची ठेवा. त्यापुढं गेली की वळणावर शेवटची दोन मुलं फरफटतात आणि हात सुटतात.